जोनी मिचेल यांचा दुसरा अल्बम ‘क्लाउड्स’ (१९६९) : याला आत्मनिवेदन म्हणावे का?

मार्कंडेयतीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बेळगावात आम्ही काही संगीतप्रेमी अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमून एखादी ध्वनिमुद्रिका पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न बोलता ऐकतो आणि मग तिच्यावर चर्चा करतो. पुढच्या बैठकीत कॅनडाच्या गायिका आणि गीतकार जोनी मिचेल यांचा ‘क्लाउड्स’ मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ऐकणाऱ्यांत शास्त्रीय संगीताची जाण असलेले बरेच आहेत, इंग्रजी गीतांची सवय असलेले थोडे आहेत, आणि दोघी कन्नड भाषक मैत्रिणीही आहेत.

या गायिकेबद्दल जे काही लिहिले जाते त्यात एक ठरावीक मांडणी सापडते. १९६८चा पहिला अल्बम धूसर, १९६९चा दुसरा वाटेवरचा, आणि १९७१च्या ‘ब्लू’मध्ये मात्र तिने स्वतःचे मन उघडे केले, अशी ती मांडणी. मला ती पटत नाही. माझ्या मते, स्वतःबद्दल गाताना काय सांगायचे, कोणत्या अंतरावरून सांगायचे आणि कुठे थांबायचे, हे तिने या दुसऱ्या अल्बममध्ये ठरवले. ‘ब्लू’ हे त्या निर्णयाचे फळ आहे.

माझ्या म्हणण्याला आधार असा. पहिल्या अल्बमचे निर्माते गायक डेव्हिड क्रॉस्बी होते. पियानोच्या तारांचा अनुनाद आवाजात मिसळावा म्हणून त्यांनी तिला उघड्या पियानोत गायला लावले. त्यातून ध्वनिमुद्रणात खरखर शिरली, आणि ती काढताना आवाजातले तेजही गेले. दुसऱ्या वेळी ‘टिन एंजल’ हे पहिले गाणे पॉल रॉथचाइल्ड यांच्या निर्मितीखाली झाले आणि उरलेली नऊ गाणी तिने स्वतःच्या देखरेखीखाली मुद्रित केली. मुखपृष्ठावर तिने स्वतः रंगवलेले स्वतःचेच चित्र आहे; हातात तांबडे लिलीचे फूल आहे आणि मागे ती जिथे वाढली त्या सस्कटून गावाची नदी आणि तिथले बेसबरो हॉटेल आहे. सगळी मिळून दहा गाणी, चाळीस मिनिटांहून कमी वेळ, आणि त्यात बहुतेक ठिकाणी एक गळा आणि एक गिटार. पंचविशीतील एक मुलगी गाणे, निर्मिती आणि चित्र या तिन्ही गोष्टी स्वतःच्या हाती घेते, तेव्हा ती स्वतःला कसे दाखवायचे याचाच विचार करत असणार.

तरीही आमच्या श्रोत्यांपुढे हा अल्बम ‘आत्मनिवेदन’ म्हणून ठेवावा का, याबद्दल माझ्या मनात अजून प्रश्न आहे. आपल्याकडे आत्मनिवेदनाची परंपरा मोठी आहे आणि तिच्या अपेक्षाही वेगळ्या आहेत. सविस्तर लिहावे ही विनंती.

कॅम्पचा_गिटारवादक

ताई, विषय फार आवडीचा काढलात. मी शब्दांपेक्षा हाताबद्दल बोलतो, कारण या अल्बमचे अर्धे मर्म हातात आहे.

वयाच्या नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला. त्यातून ती बरी झाली, पण डावा हात अशक्त राहिला. गिटारवर नेहमीच्या पद्धतीने कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक सूर) धरायचे तर डाव्या हाताच्या बोटांना बरीच ताकद आणि ताण लागतो. त्यावर तिने उपाय शोधला तो असा, की तारा पिळून आधीच अशा लावायच्या, की बोट न ठेवता छेडल्या तरी त्यांतून एक सुरेल कॉर्ड निघावा. ही युक्ती अमेरिकेतल्या ब्लूज वादकांकडे आधीपासून होती; पण तिने पुढे पन्नासहून अधिक प्रकारे तारा लावल्या आणि त्या प्रत्येक लावणीतून वेगळी गाणी काढली.

‘चेल्सी मॉर्निंग’ आणि ‘बोथ साइड्स, नाऊ’ ही दोन्ही याच घराण्यातली गाणी आहेत. बोट उचलले तरी मागे सूर घुमत राहतो, म्हणून तिचा गळा त्याच्यावर मोकळेपणी वरखाली जाऊ शकतो. आमच्या कॅम्पमध्ये पूर्वीपासून गोव्याकडची गिटार वाजवणारी घरे आहेत. तिथे शिकलेला मुलगा नेहमीच्या लावणीत हीच गाणी वाजवायला बसला, की त्याला सूर सगळे सापडतात, पण ती घुमणारी पार्श्वभूमी सापडत नाही. बैठकीत शक्य असेल तर आधी नुसत्या मोकळ्या तारा छेडून दाखवा. गिटारची सोय मी करतो.

निपाणीकर_मास्तर

मूळ लेख काळजीपूर्वक वाचला. मांडणी आकर्षक आहे, पण मला ती मान्य नाही, आणि माझे कारण कालक्रमाचे आहे.

१९६५मध्ये, अविवाहित असताना, तिला मुलगी झाली आणि हाताशी पैसा नसल्याने व आधारही नसल्याने ती दत्तक द्यावी लागली. त्या मुलीला उद्देशून रचलेले ‘लिटल ग्रीन’ हे गाणे तिच्याकडे १९६७पासून तयार होते. ‘क्लाउड्स’ १९६९मध्ये आला. म्हणजे आयुष्यातली सर्वांत मोठी जखम गाण्याच्या रूपात हाताशी असताना तिने ते गाणे बाहेर ठेवले, आणि १९७१च्या ‘ब्लू’मध्ये घेतले. जो अल्बम मुख्य गोष्टच लपवतो, त्याला आत्मनिवेदन कसे म्हणायचे? त्यात ‘मी’ पुष्कळ आहे हे खरे; परंतु ‘मी’ आला म्हणजे निवेदन झाले असे नाही.

शिवाय या अल्बममधली दोन सर्वांत प्रसिद्ध गाणी तिच्या मुखातून प्रथम लोकांपर्यंत पोहोचलीच नाहीत. ‘बोथ साइड्स, नाऊ’ तिने १९६७मध्ये लिहिले; गायिका जुडी कॉलिन्स यांनी ते त्याच वर्षीच्या आपल्या अल्बममध्ये गायले आणि १९६८मध्ये ते अमेरिकेत पहिल्या दहा गाण्यांत गेले. लोकसंगीत गायक डेव्ह व्हॅन रॉन्क यांनीही ते आधी ध्वनिमुद्रित केले होते. ‘चेल्सी मॉर्निंग’चीही तीच कथा. सगळ्यांच्या ओठी बसलेले गाणे नंतर रचनाकाराने गावे, यात खाजगी काय उरले?

खानापूरची_लेक

मास्तर, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याच्याच आधारे मला उलट बोलावेसे वाटते.

खानापूर तालुक्यात आमच्या आजोळी जाते फिरताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्या मी लहानपणी ऐकल्या आहेत. दळणारी बाई स्वतःचेच सांगत असते. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, लेकीला दिल्यानंतरचे रिकामे घर, हे सगळे तिचे स्वतःचे असते. तरीही ओवी मात्र तिच्या एकटीची नसते. शेजारणीने म्हटलेली, आईने शिकवलेली, थोडी बदललेली. ‘सगळ्यांच्या ओठी बसलेले’ हा तुम्ही दोष म्हणून सांगितलात. आमच्याकडे तीच तर बाईची सोय होती. सर्वांची ओवी म्हणून ती म्हणता येत होती आणि तिच्या आडून आपले दुःख बोलता येत होते. काही गोष्टी तिथेही थेट सांगितल्या जात नाहीत. नवऱ्याबद्दलचे बरेच काही भावाबद्दलच्या ओवीत सांगितले जाते. त्यामुळे ती ओवी कमी खरी ठरते असे मला कधी वाटले नाही.

हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या चाळताना जाणवते की एकाच घावाच्या शेकडो ओव्या आहेत आणि प्रत्येकीत गाणाऱ्या बाईचे काहीतरी वेगळे शिल्लक राहिले आहे. आपल्या सीमाभागात तर शेजारच्या घरातून कन्नड जात्यावरची पदेही ऐकू येतात, तीन चरणांच्या त्रिपदीतली. भाषा दुसरी आणि सांगणे तेच.

‘लिटल ग्रीन’ तिने मागे ठेवले, कारण ते सांगायला लागणारे बळ तेव्हा तिच्याकडे नसेल किंवा घरच्यांची भीड असेल. जे ठेवले त्याचा मान राखून जे दिले ते ऐकावे.

अनगोळकर

खानापूरच्या ताईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. पुढे वाचतो आहे.

कागवाडकर

गिटारवादक अण्णांनी तारांच्या लावणीबद्दल जे लिहिले आहे ते वाचून राहवले नाही. आमचे गाव मिरजेला लागून असल्याने तंबोरे घडताना पाहत मोठा झालो. ‘चेल्सी मॉर्निंग’च्या घराण्यातली लावणी खालच्या तारेपासून आपल्या स्वरांत मांडली, तर ती सा-प-सा-ग-प-सा अशी येते. म्हणजे षड्ज आणि पंचम यांचे अंथरूण आणि मध्ये एकच गंधार. बैठकीतल्या शास्त्रीय श्रोत्यांना हे अशा शब्दांत सांगा. तंबोऱ्यात गंधाराची तार आपण लावत नाही, पण खर्जाच्या चांगल्या जवारीदार तारेतून तो ऐकू येतो. तिने मात्र ती तार उघड ठेवली आहे. त्यामुळे कॉर्ड या कल्पनेशी अपरिचित माणसालाही हे गाणे परके वाटणार नाही.

दुसरे, आजार आणि कला यांविषयी. याच जिल्ह्यातल्या सुळेभावी गावी १९२४मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. क्षयाने एक फुफ्फुस निकामी केले, काही वर्षे गाणे थांबले, आणि त्यानंतर जे गाणे आले त्यातल्या छोट्या, नेमक्या, श्वास राखून टाकलेल्या स्वरवाक्यांनी ख्यालाची चालच बदलली. देवासला अंथरुणावर असताना त्यांनी माळव्याची लोकगीते कानांत साठवली. शरीराने घातलेली अट गायकाने शैली म्हणून स्वीकारली, हे दोघांतले साम्य मला महत्त्वाचे वाटते. इथे गाण्याचे आत्मचरित्र शब्दांत येण्याआधी शरीरात आलेले असते. मिचेलच्या प्रत्येक लावणीत तो पोलिओ आहे, मग गाणे कशाबद्दलही असो.

हल्याळचा_वाचक

कागवाडकर, आजारामुळे प्रतिभा येते असा सूर यातून निघू नये. पोलिओ अनेक मुलांना झाला आणि क्षयही अनेकांना झाला.

मूळ विषयावर माझे मत थोडे कठोर आहे. मला हा अल्बम असमान वाटतो. ‘रोझेस ब्लू’ हे ज्योतिष आणि गूढविद्येच्या आहारी गेलेल्या स्त्रीवरचे गाणे आहे; त्यात गायिका त्या स्त्रीकडे वरून पाहते, आणि ज्या अल्बमचे सामर्थ्य स्वतःकडे पाहण्यात आहे त्यात हे गाणे बाहेरचे वाटते. ‘आय थिंक आय अंडरस्टँड’मध्ये भीतीला एक रान कल्पून केलेली मांडणी सुंदर असली, तरी ती वाचलेल्या गोष्टींतून आली आहे, भोगातून आलेली वाटत नाही. सगळेच गाणे उत्तम असा पवित्रा मांडणाऱ्याने घेतला तर श्रोत्यांचा विश्वास उडेल. आवडत नाही ते स्पष्ट सांगावे.

कागवाडकर

प्रतिभेबद्दल मी बोललोच नाही. मी चालीबद्दल बोललो. प्रतिभा कुठून येते हे सांगण्याचा माझा दावा नाही. बोटे कुठे पोहोचतात आणि श्वास किती पुरतो, यावर स्वरवाक्याची लांबी ठरते, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

सांबऱ्याचा_निवृत्त_सैनिक

मी या विषयातला जाणकार नाही, परंतु मुलीने पाठवलेल्या दुव्यामुळे ‘द फिडल अँड द ड्रम’ ऐकले आणि लिहावेसे वाटले. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव; इथे ढोल-नगाऱ्याचा आवाज म्हणजे काय हे प्रत्येक गल्लीला माहीत आहे. या गाण्यात एकही वाद्य नाही, नुसता गळा आहे. ती कॅनडाची, आणि व्हिएतनामच्या युद्धात गुंतलेल्या शेजारी देशाला ती मित्र म्हणून हाक मारते. पूर्वी तुझ्या हाती सूर होते, आता युद्धाचा ढोल कसा आला, असे विचारते. शिवीगाळ नाही, घोषणा नाही. उलट जुन्या मैत्रीची आठवण आहे आणि हात पुढे केलेला आहे.

आमच्या पिढीने युद्धविरोधी गाण्यांकडे नेहमी संशयाने पाहिले, कारण त्यांत सैनिकाचा अपमान असतो असा आमचा समज होता. या गाण्यात तो नाही. ज्याला प्रश्न विचारला आहे त्याच्याबद्दल तिच्या मनात माया आहे, हे आवाजावरून कळते. सीमेच्या अलीकडे राहून पलीकडच्या मोठ्या शेजाऱ्याशी असे बोलता येते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

व्यवस्थापक

दोन सूचना. गीतांच्या संपूर्ण ओळी कृपया येथे उतरवू नयेत, आशय सांगावा. तसेच वरील प्रतिसादानंतर काही सदस्यांनी सीमाप्रश्नावर लिहिलेले प्रतिसाद स्वतंत्र धाग्यावर हलवले आहेत. त्या विषयाचे महत्त्व कमी नाही, पण इथे अल्बमवर बोलू या.

मार्कंडेयतीर

सर्वांचे मनापासून आभार. सांबऱ्याचे काका, तुमच्या प्रतिसादाने माझ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले. अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर ‘द फिडल अँड द ड्रम’ हे शेवटून दुसरे आणि त्याच्या लगेच नंतर ‘बोथ साइड्स, नाऊ’ आहे. नुसता गळा ऐकून झाल्यावर गिटारचा पहिला आघात येतो, तेव्हा कान स्वच्छ झालेले असतात. हा क्रम तिने विचारपूर्वक लावला असावा असे मला वाटते, आणि म्हणूनच गाणी सुटी करून ऐकवू नयेत असे माझे मत आहे. ऑगस्ट १९६९मध्ये, वुडस्टॉकच्या संगीतोत्सवानंतर लगेचच, तिने ‘द फिडल अँड द ड्रम’ अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर, डिक कॅव्हेट यांच्या कार्यक्रमात, असेच वाद्यांविना गायले होते. ते दृश्यही दाखवता येईल.

हल्याळच्या सरांचा ‘रोझेस ब्लू’वरचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. त्या स्त्रीकडे ती वरून पाहते, हे खरे. पण त्या काळात तिच्या आजूबाजूच्या तरुणांत राशी, टॅरोची पाने आणि ग्रहांची भाषा सर्रास होती. त्यातल्या एका मैत्रिणीचे हळूहळू कडवट होत जाणे ती टिपते आहे. गाण्याची चालही मुद्दाम बेचैन ठेवली आहे. मला ते गाणे आवडत नाही, पण ते काढले तर पहिली बाजू गोड होईल, आणि मला ती गोड नको आहे.

संकेश्वरी

एक विनंती. बैठकीत कोणते गाणे कोणत्या प्रियकरावर आहे याची चर्चा टाळता आली तर बरे होईल. ‘द गॅलरी’ आणि ‘दॅट साँग अबाउट द मिडवे’ यांच्याबद्दल नावांचे तर्क पुष्कळ चालतात, आणि अशा गप्पा रंगल्या की गाणे बाजूला पडते. ‘द गॅलरी’मध्ये एक चित्रकार आहे, त्याच्या भिंतीवर अनेक स्त्रियांची चित्रे आहेत, आणि बोलणारी स्त्री त्या भिंतीवरची आणखी एक होऊन बसली आहे. ती त्याची घरची व्यवस्था पाहते, पत्रे सांभाळते, आणि शेवटी तिच्या ध्यानात येते की आपणही मांडून ठेवलेले चित्रच आहोत. ज्या गायिकेने मुखपृष्ठावर स्वतःचे चित्र स्वतःच रंगवले, तिने हे गाणे त्याच अल्बममध्ये ठेवले आहे. दुसऱ्याने रंगवलेली मी आणि मी रंगवलेली मी, या दोन्ही एका पाकिटात आल्या. तो पुरुष कोण होता हे कळल्याने यात काय भर पडेल?

मार्कंडेयतीर

ताई, मुखपृष्ठ आणि ‘द गॅलरी’ यांचा हा संबंध मला सुचला नव्हता. तुमची परवानगी असेल तर हे बैठकीत सांगेन.

संकेश्वरी

अवश्य सांगा.

कॅम्पचा_गिटारवादक

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. आमचे घर कॅथलिक आहे, त्यामुळे पाद्र्यापुढे पाप कबूल करण्याची रीत मला लहानपणापासून माहीत आहे. तिथे जाळीआड बसून एका माणसाला हळू आवाजात सांगायचे असते, ऐकणाऱ्याने ते कुणालाही सांगायचे नसते, आणि शेवटी क्षमा मिळते. मिचेलच्या गाण्यांना समीक्षकांनी त्याच रीतीचे, कबुलीजबाबाचे, नाव दिले आणि तिने त्या शिक्क्याला पुढे अनेकदा आक्षेप घेतला. मला तिचे म्हणणे बरोबर वाटते. ती कुणापुढे दोषी म्हणून उभी नाही. ‘आय डोन्ट नो व्हेअर आय स्टँड’ ऐका. नुकत्याच जुळलेल्या प्रेमात ‘मला तू आवडतोस’ हे म्हणावे की न म्हणावे, फोन करावा की न करावा, या घालमेलीचे ते गाणे आहे. त्यात पाप नाही, पश्चात्ताप नाही, क्षमेची मागणी नाही. सकाळचे ऊन आहे आणि मनात अनिश्चितता आहे. अशा गाण्याला कबुलीजबाब म्हटले की ऐकणारा गुन्हा शोधू लागतो.

भालकीकर

बिदरकडून नमस्कार. वरचा प्रतिसाद वाचून दोन परंपरा आठवल्या, दोन्ही आपल्या सीमाभागातल्या लोकांच्या रोजच्या ऐकण्यातल्या.

बाराव्या शतकातल्या अक्कमहादेवींच्या वचनांत घर सोडणे, देह, एकाकीपण यांबद्दल इतके थेट बोललेले आहे की आजही वाचणारा थबकतो. पण वचनाच्या शेवटी नाममुद्रा येते ती चन्नमल्लिकार्जुनाची, म्हणजे देवाची. जनाबाई मात्र अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव घालतात, आणि तेही नामयाची दासी म्हणून. तुकोबांनी आपले दिवाळे, दुष्काळ आणि त्यात अन्नावाचून गेलेली बायको हे सगळे अभंगात सांगितले, आणि तरी ते सांगणे विठ्ठलापुढे आणि संतजनांपुढे आहे. म्हणजे आपल्याकडे निवेदन कुणाला केले आहे हे ठरलेले असते. ऐकणारे आपण त्या संवादाच्या बाजूला उभे असतो.

मिचेलच्या गाण्यांत हा श्रोता नाही. ‘टिन एंजल’मध्ये जुन्या पत्रांच्या, सुकलेल्या आठवणींच्या वस्तू आहेत, एक नवा माणूस भेटला आहे, आणि तो दुःखी असूनही ती त्याला निवडते. हे ती देवाला सांगत नाही, सखीला सांगत नाही, त्या माणसालाही सांगत नाही. कुणाला सांगते आहे? मला वाटते, ध्वनिमुद्रिका विकत घेणाऱ्या अनोळखी माणसाला. हे नवेपण तुमच्या श्रोत्यांना जाणवले पाहिजे. ओवी म्हणणाऱ्या बाईला निदान जाते तरी होते.

निपाणीकर_मास्तर

भालकीकर, हा विचार मोलाचा आहे, आणि माझा आक्षेप त्यामुळे अधिक नेमका करता येतो. निवेदनाला श्रोता हवा. अनोळखी श्रोत्यापुढे माणूस निवडून बोलतो, आणि निवडून बोलणे हे कलाकाराचे काम आहे. म्हणून ‘क्लाउड्स’ ही उत्तम कलाकृती आहे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु मूल दूर गेल्याचे दुःख आत ठेवून गायलेल्या गाण्यांना मी आत्मनिवेदन म्हणणार नाही. त्या मुलीची आणि आईची भेट १९९७मध्ये झाली. तोपर्यंत ‘लिटल ग्रीन’ ऐकणाऱ्या बहुतेकांना ते कशाबद्दल आहे हे कळले नव्हते, म्हणजे ‘ब्लू’मध्येसुद्धा तिने ते झाकूनच सांगितले. माझ्या मते तिची सगळी कारकीर्द निवेदन आणि राखण यांच्यामधली आहे.

खानापूरची_लेक

मास्तर, ‘निवेदन आणि राखण’ हे मला पूर्ण मान्य आहे. आपण आता एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत. तुम्ही तिला आत्मनिवेदन म्हणत नाही आणि मी म्हणते, एवढाच फरक राहिला. ‘बोथ साइड्स, नाऊ’मध्ये ढग, प्रेम आणि आयुष्य या तिन्हींकडे दोन्ही बाजूंनी पाहून झाल्यावरही आपल्याला ते कळले नाही असे ती म्हणते. मुलगी दत्तक दिल्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ते ठाऊक असताना हे गाणे ऐकले की तिसऱ्या कडव्यात मला न सांगितलेले सारे ऐकू येते.

अनगोळकर

‘बोथ साइड्स, नाऊ’ कोणते ऐकवणार? १९६९चे की २०००चे? सन २०००मध्ये तिने हेच गाणे मोठ्या वाद्यवृंदासह पुन्हा गायले आहे, आणि आवाज इतका खाली उतरला आहे की गाणारी तीच आहे यावर विश्वास बसत नाही. माझ्या मते तेच खरे. तेविसाव्या वर्षी आयुष्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या असे म्हणणे शोभत नाही. छप्पन्नाव्या वर्षी ते शोभते.

हल्याळचा_वाचक

अनगोळकर, हे मत फार प्रचलित आहे आणि मला ते साफ अमान्य आहे. गाण्यात ‘मला कळले’ असे कुठे आहे? कळले नाही, असेच आहे. हे म्हणायला वय लागत नाही. उलट तरुण आवाजात ते उंच, जवळजवळ आनंदी सुरात येते, आणि त्या आनंदामुळेच न कळण्याचे दुःख अधिक बोचते. म्हातारपणी गायलेल्या आवृत्तीत वाद्यवृंद आपल्याला आधीच सांगतो की आता गंभीर व्हा.

तुलना करायचीच असेल तर जुडी कॉलिन्स यांच्या आवृत्तीशी करा. तिथे जोशुआ रिफ्किन यांची वाद्ययोजना आहे, हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखे जुने वाद्य किणकिणते आहे, आणि गाणे एखाद्या सजवलेल्या खोलीत बसल्यासारखे वाटते. कॉलिन्स यांना त्यासाठी लोकसंगीत गायनाचा ग्रॅमी मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १९७०मध्ये, तोच पुरस्कार मिचेलला ‘क्लाउड्स’साठी मिळाला. रचनाकाराने आपले गाणे दुसऱ्याच्या गळ्यातून परत घेतले आणि त्याची सजावट उतरवली, हा या दुसऱ्या अल्बमचा खरा पराक्रम आहे.

सांबऱ्याचा_निवृत्त_सैनिक

या चर्चेमुळे दोन्ही ऐकली. फेब्रुवारी २०२४मध्ये ग्रॅमी सोहळ्यात ऐंशी वर्षांच्या वयात खुर्चीत बसून तिने हे गाणे गायले, तेही पाहिले. मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजारातून उठून ती पुन्हा बोलायला, चालायला शिकली आणि मग गायली, असे मुलीने सांगितले. माझा कौल कोणत्याच एका बाजूला देत नाही. मला तिन्ही हवीत.

संकेश्वरी

या गाण्याचा उगम विमानात झाला होता. सॉल बेलो यांच्या एका कादंबरीत नायक आफ्रिकेला जाताना विमानातून ढग खाली पाहतो, तो भाग वाचत असताना तिने स्वतः खिडकीबाहेर पाहिले, आणि गाणे सुरू झाले. आपल्या श्रोत्यांना त्यासाठी विमान लागणार नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गेलेल्या प्रत्येकाने ढग पायाखाली पाहिले आहेत, आणि जांबोटीला परत येईपर्यंत तेच ढग डोक्यावर घेतले आहेत.

मार्कंडेयतीर

चर्चा इतकी पुढे जाईल असे वाटले नव्हते. माझा आराखडा आता असा झाला आहे. सुरुवातीला गिटारवादक अण्णा नुसत्या मोकळ्या तारा छेडतील आणि कागवाडकरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांची सा-प-सा-ग-प-सा अशी ओळख करून देतील. मग मुखपृष्ठ सर्वांना पाहायला देईन, पण ‘द गॅलरी’शी असलेला त्याचा संबंध ते गाणे होईपर्यंत सांगणार नाही. त्यानंतर दोन्ही बाजू सलग, ‘रोझेस ब्लू’सह. २०००चे ‘बोथ साइड्स, नाऊ’ त्या दिवशी ऐकवणार नाही. ज्यांना हवे त्यांनी घरी जाऊन ऐकावे. ‘लिटल ग्रीन’ची हकिकत श्रवणाआधी सांगितली तर सगळे प्रत्येक ओळीत तेच शोधतील, म्हणून ती चर्चेत शेवटी सांगेन, आणि मास्तरांचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत मांडेन.

आत्मनिवेदन हा शब्द निमंत्रणात घालणार नाही. चर्चेत तो श्रोत्यांकडून येतो का हे पाहते. आला, तर भालकीकरांचा प्रश्न विचारेन : ती कुणाला सांगते आहे?

आमच्या कन्नड मैत्रिणींपैकी एकीने, आईकडून शिकलेले जात्यावरचे पद म्हणण्याची तयारी दाखवली आहे. ते आधी घ्यावे की नंतर?

खानापूरची_लेक

नंतरच घ्या. आधी घेतले तर ते नमुना म्हणून ऐकले जाईल आणि सगळे तुलना करत बसतील. आणि त्यांच्या पदानंतर मराठी ओवी म्हणायला कुणी हवे असेल तर मी येते. माझ्या मावशीलाही बरोबर आणेन. तिला माझ्यापेक्षा पुष्कळ येतात.

निपाणीकर_मास्तर

निपाणीहून संध्याकाळची शेवटची बस लवकर आहे. बैठक दुपारी ठेवता आली तर मीही येईन, आणि माझा आक्षेप मीच मांडेन.